विहिरीकडचं टोक

विमानात चढताना मी चपला खाली काढून ठेवल्या.

तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. पायरीवर पाय ठेवला, आत स्वच्छ काळी गादी दिसली, आणि पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. पायलटनं पंखा सुरू केला तशा त्या चपला उडाल्या त्या थेट बघायला जमलेल्या गर्दीत. एक जाऊन आमच्या शेतकी अधिकाऱ्यांच्या पोटाला लागली. मी काचेतून त्यांना हात जोडले. लोकांना वाटलं मी निरोप घेतोय. त्यांनीही हात जोडले.

आमच्याकडे पाहुणे आले की मुलगी म्हणते, “बाबा, चपलांचं सांगा.” मी सांगतो. चपला उडाल्या, साहेबांना लागली, लोकांनी हात जोडले, की मी थांबतो आणि चहाचं विचारतो. पुढची गोष्ट घरात फक्त बायकोला माहीत आहे. मुलं आता मोठी झाली, आणि मला अर्ध्या गोष्टीवर हशा घ्यायचा कंटाळा आला आहे. म्हणून उरलेली लिहून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा, प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात शेतकी मदतनीस. काम म्हणजे सायकलवरून मळे पालथे घालायचे, उसाची नोंद ठेवायची, कीड दिसली की वर कळवायचं. त्या भाद्रपदात उसावर पाकोळी नावाची कीड पडली. पानावर हात ठेवला की भुर्रकन थवा उठायचा आणि पानं काळी, चिकट व्हायची. हातपंपानं औषध मारून ती आवरेना, कारण ऊस डोक्याच्या वर गेला होता. मग कारखान्यानं भुकटी धुरळायला भाड्याचं विमान बोलावलं. माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली. विमान उतरलं त्या दिवशी संगमनेर, राहुरीपासून लोक सायकली आणि बैलगाड्या घेऊन आले होते.

पायलट इंदूरचे मराठी गृहस्थ. चाळिशीचे, कमी बोलणारे, बोलले की मराठीत हिंदीचा वास. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “इथली सगळी शेतं पाठ असलेला कोण आहे? एक चक्कर वरून मारू. तार कुठे, विहिरी कुठे, घरं कुठे, ते मला वरून दाखवायचं.”

आमचे साहेब म्हणाले, “हा आमचा माणूस. डोळे बांधून सोडा, बांध ओळखेल.”

हे वाक्य मुळात माझंच. मीच साहेबांना ते चार-पाच वेळा ऐकवलं होतं. आता ते परत माझ्याकडे आलं म्हटल्यावर मागं कसं सरायचं?

उडायच्या आदल्या दिवशी मी खाकी कागदावर पेन्सिलीनं नकाशाही काढला. भुकटी मारायचा पहिला पट्टा पूर्व-पश्चिम लांबट. उत्तरेला नदी, दक्षिणेला कालवा. पूर्वेचं टोक मोकळं, पलीकडं गायरान. पश्चिमेच्या टोकाला विहीर, विहिरीपाशी दोन आंबे, आणि त्यांच्यामागून आडवी गेलेली विजेची नवी लाईन. तिच्यापलीकडं एका म्हाताऱ्या बाबांचा पानमळा. खांब मी एकेक करून मोजून काढले होते. त्या कागदात एकही चूक नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या कागदानंच मला पुढं खड्ड्यात घातलं.

तर आम्ही उडालो. ढग खाली होते. सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं. पायलटच्या शेजारी दुसरी खुर्ची होती, तिच्यात मी अनवाणी. पहिली दोन मिनिटं मी खाली बघितलंच नाही, समोरच्या घड्याळांकडं, म्हणजे विमानाचा तोल-उंची दाखवणाऱ्या तबकड्यांकडं, बघत होतो. मग बघितलं. माझा एकही मळा तिथं नव्हता. बारा वाटा, तीस बांध, कुणाचं कुत्रं कुठं बांधलेलं असतं ते मला ठाऊक. पण वरून सगळं एकच हिरवं घोंगडं, त्यावर मातीच्या रेघा. ज्या उसात मी वाट चुकत नव्हतो तो ऊस वरून गवतासारखा.

“कुठे आहोत आपण?” पायलटनी ओरडून विचारलं. पंख्याच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागायचं.

“बरोबर चाललोय,” मी म्हणालो.

तेवढं मात्र खरं होतं. आम्ही पूर्वेकडे तोंड करून पट्ट्यावरूनच चाललो होतो, नदी डाव्या हाताला. पायलटनी अजून थोडं वर घेतलं आणि समोर काहीच राहिलं नाही. ढगात शिरलो होतो. काचेबाहेर नुसता पांढरा चुना.

“फिकर नको. मागे वळून बाहेर पडू,” ते म्हणाले. ते बाहेर बघतच नव्हते. त्यांचे डोळे घड्याळांवर.

मागे वळू म्हणाले, पण विमान काही वळेना. मला तरी तसंच वाटलं. बसल्या जागी सरळ, संथ चाललंय, रुळावरून चालल्यासारखं. मी मनात म्हटलं, विचार बदललेला दिसतोय. मग अचानक वाटलं की विमान उजवीकडं कललं, चांगलंच कललं, आता उलटणार. बैलगाडी एका चाकावर गेली की आपण काय करतो? दुसऱ्या बाजूला अंग टाकतो. मी डावीकडं अंग टाकलं आणि दाराची मूठ धरून बसलो. पायलटनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत घड्याळांकडं.

पुढं त्यांनीच मला समजावलं ते असं. विमान वळलं तेव्हा ते इतक्या हळू वळलं की कानातल्या तोलाला पत्ता लागला नाही. वळून सरळ झालं तेव्हा तोलाला वाटलं की आता कलतंय. म्हणजे वळत होतो तेव्हा मला सरळ वाटलं, आणि सरळ झालो तेव्हा मी डावीकडं लोंबकळत होतो. बाहेर काही दिसत असलं तर डोळे कानाला गप्प करतात. ढगात डोळ्यांना काम नसतं. म्हणून पायलट लोक स्वतःच्या शरीराचं ऐकत नाहीत, घड्याळाचं ऐकतात. मला ना घड्याळ वाचता येत होतं, ना माझं शरीर खोटं बोलतंय याची शंका आली. आजवर ते कधी खोटं बोललं नव्हतं.

ढगातून बाहेर आलो. खाली तोच पट्टा. आता आम्ही पश्चिमेकडं तोंड करून होतो. माझ्या डोक्यात मात्र अजून पूर्वच. डाव्या हाताला पाणी चमकलं. मी म्हटलं, ही नदी. झालं, सगळं जुळलं. तो कालवा होता.

पायलटनी समोर बोट केलं. पट्ट्याचं पुढचं टोक, तिथं दोन झाडांचे गोळे आणि मध्ये एक काळा ठिपका. “तिकडे तार आहे?”

“नाही,” मी म्हणालो. “ते टोक मोकळं. तार मागच्या टोकाला.”

“पण कागदावर उलटं वाटतं.”

“कागद उलटा धरलाय तुम्ही,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो. ज्यानं दोन मिनिटांपूर्वी दाराला मिठी मारली होती त्यानं, वीस वर्षं विमान चालवणाऱ्या माणसाला.

“नक्की?”

“डोळे मिटून.”

खालच्या ढगांमुळं दुसरी चक्कर मारता आली नाही. उतरलो. कुणीतरी माझ्या चपला आणून दिल्या. घरी बायको विचारत होती, “आम्ही गच्चीवरून हात केला, दिसलो का?” मी म्हणालो, “दिसलात की.” मला गच्ची तर सोडाच, गावही दिसलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चौकातल्या चहाच्या टपरीवर मी तीनदा विमानात बसलो. प्रत्येक वेळी थोडा जास्त उंच.

तिसऱ्या वेळी, “आणि पुढं दोन झाडांच्या मधी काळा ठिपका” असं सांगताना माझी जीभ अडखळली. दोन झाडं. मध्ये काळा ठिपका. पूर्वेच्या टोकाला झाड नाही. तिथं गायरान. दोन झाडं फक्त विहिरीवर, आणि ठिपका म्हणजे विहीर. आणि विहिरीच्या मागून तार.

चहा तसाच ठेवून मी सायकल काढली आणि कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर गेलो. अजून दिवेलागण व्हायची होती. व्हरांड्यात पायलट, आमचे साहेब आणि दोन संचालक बसले होते. मला बघून पायलट हसले. “काय, परत वर यायचंय?”

साहेब म्हणाले, “चपला घालून आलाय बघा आता.”

सगळे हसले. मीही हसलो. तोंडाशी वाक्य आलेलं होतं, ‘साहेब, मी उलटं सांगितलं.’ पाच शब्दसुद्धा नाहीत. संचालक माझ्याकडं बघत होते. त्यांच्यासमोर आपण डोळे बांधून बांध ओळखणारे. मी म्हणालो, “सकाळी किती वाजता यायचं ते विचारायला आलो होतो.”

“सहा,” साहेब म्हणाले. “हे मघाशी तुम्हीच आम्हाला सांगितलंत.”

परतताना स्वतःची समजूत घातली की खांब काय लहान असतात, त्यांना दिसतीलच. आणि नाहीच दिसले तर विहिरीकडच्या टोकाला मी स्वतः उभा राहीन.

सकाळी तसा उभा राहिलो. विमानाला ओळ दाखवायला पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लांब काठीवर पांढरं निशाण घेऊन माणसं उभी करायची पद्धत होती. विहिरीकडं निशाणाला आमच्याच मळ्यातला एक वयस्क गडी होता. मी त्याच्या हातातून काठी घेतली.

“राहू द्या की सायेब, माझं काम हाय ते.”

“आज मी धरतो.”

“काल इमानात बसला, आज निशान धरताय. उद्या खुरपं द्याल का न्हाई हातात?” असं म्हणून तो बांधावर टेकला.

पूर्वेकडून विमान आलं. उसाच्या शेंड्यांना घासतंय असं खाली, मागं पांढरी भुकटीची शेपटी. सरळ माझ्यावर. माझ्या पाठीमागं दोन आंबे आणि आंब्यांमागं तार. मी काठी जोरजोरात हलवायला लागलो. जीव खाऊन हलवली. मागं फिरा, वर जा, इकडं नको, सगळं त्या काठीत.

आता इथं ठरलेली खूण सांगायला हवी. निशाण हलवलं की त्याचा अर्थ ‘ह्या ओळीत या’. निशाण जमिनीला टेकवलं की ‘थांबा’. ही खूण आदल्या दिवशी सगळ्या गड्यांना मीच घोकून घेतली होती. गडी एका मिनिटात शिकले होते.

“सायेब, खाली घ्या. खाली घ्या त्ये,” गडी उठून ओरडला. “तुमी त्याला बोलवताय.” त्यानं काठी माझ्या हातातून हिसकली आणि जमिनीवर आडवी टाकली.

पायलटना निशाण पडलेलं दिसलं, की खांब दिसला, मला कळलं नाही. विमानाचं नाक एकदम वर गेलं. अशा वेळी टाकीतलं सगळं ओझं एका झटक्यात सोडून द्यायचा एक दांडा असतो, तो त्यांनी ओढला. विमान हलकं होऊन आंब्यांच्या वरून, तारेच्या वरून गेलं. चाक आणि तार यांच्यात हातभर अंतर असेल. आंब्याची पानं आमच्या अंगावर पडली. आणि टाकीभर भुकटी तारेपलीकडं पानमळ्यावर उतरली. शेवरीच्या दाट सावलीतला तो थंड, हिरवा मळा, एका क्षणात पीठ सांडल्यासारखा पांढरा झाला.

खायची पानं ती. लोक तशीच धुऊन तोंडात घालतात. त्यांच्यावर कीडनाशक पडलं म्हणजे पुढची तोड येईपर्यंत मळा बंद. बाबा धावत आले नाहीत. चालत आले, मळ्याच्या कुडाबाहेर चपला काढल्या, आत गेले, एक पान खुडून बोटानं पुसून बघितलं आणि बाहेर येऊन बसले. पानमळ्यात कुणी चपला घालून जात नाही. त्या दिवशीही बाबा घालून गेले नाहीत.

दुपारी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. संचालक, आमचे साहेब, पायलट, बाबा आणि मी. प्रश्न एकच होता, तार पायलटना माहीत होती की नव्हती. माहीत असून गेले असतील तर बेपर्वाई. मग विमान कंपनीला कळवायचं आणि दुसरा पायलट मागायचा. त्या इंदूरच्या माणसाची नोकरी त्या टेबलावर होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही खांब दाखवले होते ना?”

मी म्हणालो, “कागदावर आहेत की साहेब.”

खाकी कागद टेबलावर उलगडला. खांब एकेक करून बरोबर. संचालकांनी मान डोलावली. मी खोटं बोललो नव्हतो. एक अक्षर खोटं नव्हतं. पायलटनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता ते सांगतील, ‘पण वर हा काय म्हणाला ते विचारा.’ मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मला ते हवं होतं. म्हणजे मला काही बोलावं लागलं नसतं.

ते म्हणाले, “कागद बरोबर आहे. माझी चूक.”

बाबा उठताना म्हणाले, “त्यो माणूस वाचला ना. मंग पानांचं काय येवढं.” आणि पायलटकडं न बघता निघून गेले.

पुढचे दोन दिवस मी बाबांच्या मळ्यात भुकटी पडलेली पानं खुडायला गेलो. रजा टाकून. पानं खुडून खड्ड्यात पुरायची होती. अख्खा गाव म्हणायला लागला, बघा, ह्याचा काही संबंध नसताना बिचारा राबतोय. बाबांच्या सुनेनं मला दोन वेळा भाकरी वाढली. दोन्ही वेळा खाल्ली. नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी कळलं की कंपनीनं पायलटना परत बोलावलंय. विमान न्यायला दुसरा माणूस येणार, हे एसटीनं नगरला जाणार. मी स्टँडवर गेलो. ते बाकावर एकटे बसले होते, बॅग पायांत. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. कालव्याला नदी समजलो, ते टपरीवर लक्षात आलं, व्हरांड्यात आलो होतो, सहाचं विचारून परत गेलो. सगळं.

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, “पहिलं मला माहीत होतं. ढगात तुम्ही दाराला लटकत होता. त्या वेळी विमान बिलकुल सरळ होतं. असा लटकलेला माणूस पूर्व-पश्चिम सांगतो, आणि कागद दुसरं सांगतो, तर मी कागदाचं ऐकायला हवं होतं. मी तुमचं ऐकलं. ती माझीच चूक, खरोखर.” मग त्यांनीच मला कानातल्या तोलाचं वगैरे समजावलं, शाळेतल्या मास्तरासारखं, एसटीची वाट बघत.

“आणि दुसरं?” मी विचारलं.

“कोणतं?”

“व्हरांड्यातलं.”

“ते मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. एसटी आली. त्यांनी बॅग उचलली. मी हात पुढं केला, त्यांनी माझ्याकडं बॅग दिली नाही.

स्टँडवरून मी सरळ ऑफिसात गेलो आणि साहेबांना सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, “आता सांगताय?” मग म्हणाले, “ठीक आहे, कंपनीला पत्र टाकतो.” पत्र टाकलं की नाही, मी कधी विचारलं नाही. रोज त्यांच्या टेबलासमोरून जायचो. पुढं दुष्काळ पडला, ऊसच राहिला नाही, विमान परत आलं नाही. बाबांनाही सांगितलं, पण त्याला अजून आठ दिवस लागले, आणि तोवर नवी पानं फुटायला लागली होती, म्हणून सांगणं जरा सोपं गेलं. हेही कबूल करतो.

घरी मात्र त्याच दिवशी सांगितलं. ऑफिसातून आलो, बायको गहू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो, घडलेलं सगळं सांगितलं आणि मग स्टँडवर शिकलेलं तिला समजावलं. ढगात डोळ्यांना काही दिसत नाही, मग कानातला तोल फसतो, वळलेलं कळत नाही, सरळ असताना कलल्यासारखं वाटतं, मोठमोठे पायलटसुद्धा त्यात फसतात, विमानं पडतात. हात वळवून वळवून दाखवलं. माझ्याच जागी दुसरा कुणीही असता तरी त्यानं तेच टोक दाखवलं असतं, असंही म्हणालो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

“वरचं पटलं मला,” ती म्हणाली. “पण अहो, संध्याकाळी तुम्ही त्यांच्या व्हरांड्यात उभे होतात, तेव्हा तर खालीच होतात ना?”